पन्नास रुपये

आज मावशीकडे एक कागद द्यायला शिवाजीनगर कोर्टात गेले होते. मावशी फौजदारी वकिली करते. तिच्या केसचा नंबर यायला वेळ होता, मग कॅन्टीनमध्ये चहा घेत बसलो. सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून वाद पेटलाय, म्हणून सहज विचारलं, "बायकांची छेड काढणाऱ्याला प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता नीट वागायच्या अटीवर, सोडलं आणि त्याने अट मोडली, तर काय करतात गं?"

"आधी हे ऐक, बलात्काराला प्रोबेशन नाहीच. जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्याला प्रोबेशनच्या कायद्याचं कलम ४ लागत नाही. विनयभंगातही कोर्टं सहसा देत नाहीत. पण दिलंच, तर जास्तीत जास्त तीन वर्षांचा बाँड, म्हणजे नीट वागण्याची लेखी हमी. तो मोडला की वॉरंट नाहीतर समन्स. बाजू ऐकायची आणि मग मूळ गुन्ह्याची शिक्षा ठोठवायची."

"म्हणजे आत?"

"किंवा दंड. पहिलीच चूक असेल तर."

"किती?"

तिने पिशवीतून त्या कायद्याचं पुस्तक काढलं. कडा पिवळ्या, कलम ९ वर पेन्सिलची रेघ. 'पन्नास रुपयांपर्यंत.' मी परत वाचलं. कायदा १९५८चा, आकडा तोच. (आमचा दोघींचा चहा आणि वडापाव त्याहून महाग पडला.)

"न्यायाधीश काय निवडतात ते बघायचं," मावशी म्हणाली. "दंड भरला तरी बाँड चालूच राहतो. न भरला तर मग मूळ शिक्षा."

तेवढ्यात शिपायाने तिच्या केसचा पुकारा केला. कप तसाच टाकून ती पळाली. बिल मी भरलं.