तुम्ही विचारलंत म्हणून: अंतोनीच्या सणाला वरण-बट्टी का?

जून उजाडला की भुसावळात कुणी ना कुणी विचारतंच, "तुमचा ख्रिश्चनांचा सण, मग जेवायला वरण-बट्टी कशी? केक नाही का?" पान वाढता वाढता अर्धंमुर्धं उत्तर देऊन होतं. आज बसून सगळं सांगते.

हा सण इटलीतल्या पादुआ शहराच्या संत अंतोनीचा, १३ जूनचा. तो मूळचा लिस्बनचा. फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातला संन्यासी, होऊन इटलीत गावोगाव उपदेश करत फिरला आणि १२३१ साली याच तारखेला, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, पादुआजवळ वारला. पुरतं वर्ष व्हायच्या आत पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला संत म्हणून जाहीर केलं. त्याची स्तोत्रांची पोथी एका नवशिक्या संन्याशाने पळवली आणि प्रार्थनेनंतर आपणहून आणून दिली, अशी गोष्ट सांगतात. म्हणून काही हरवलं की लोक त्याला हाक मारतात. आमच्या शेजारच्या काकूसुद्धा किल्ली सापडेना की आईला सांगायच्या, "ताई, तुमच्या अंतोनीबाबाला सांगा हो जरा."

संताची पूजा करता का, हेही पुष्कळ जण विचारतात. नाही, मागणं देवाकडेच असतं. संताला आम्ही म्हणतो, "आमच्यासाठी विनंती कर." घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण म्हणतो ना, माझ्यासाठी देवाला सांग, तसंच.

आता बट्टीकडे येते. पादुआत अंतोनीच्या नावाचं मोठं चर्च बांधलं जात असताना जवळच राहणाऱ्या एका बाईचं तान्हं मूल पाण्यात बुडालं. तिने नवस बोलला, माझं लेकरू परत मिळालं तर त्याच्या वजनाइतकं धान्य गरिबांना देईन. मूल उठलं, असं सांगतात. तेव्हापासून 'अंतोनीची भाकर' जगभर चालू आहे. सणाला चर्चमध्ये पावाच्या टोपल्या आशीर्वादित होतात, वाटल्या जातात. प्रार्थना आणि अन्न या सणात अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. जे मागितलं ते मिळालं, तर दुसऱ्याच्या पोटात घास जायला हवा.

माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना टायफॉइडने अंथरुणाला खिळला. सतरा दिवस ताप हटेना. आईने हाच नवस बोलला. भाऊ बरा झाल्यावर वडिलांनी त्याला उचलून धान्याच्या दुकानात नेलं. आढ्याला टांगलेला मोठा तराजू होता. एका पारड्यात भाऊ, दोन्ही हातांनी साखळ्या घट्ट धरून बसलेला, आणि दुसऱ्यात दुकानदार सुपाने गहू ओतत होता. काटा जुळला. आजी पुढे झाली, पोत्यात हात घातला आणि वर एक पसाभर टाकला. ते गहू मोजले तर साडेतेरा किलो भरले.

एवढ्या गव्हाचं करायचं काय? आईचं माहेर श्रीरामपूरकडचं, तिला बट्टी माहीतच नव्हती. पावाला मैदा लागतो, गहू कोण घेणार? काकू म्हणाल्या, "आमच्याकडे पंगतीला बट्टीच असते ताई. जाडसर दळून आणा, मी आहे." त्या दिवसापासून आमच्याकडे अंतोनीची भाकर म्हणजे बट्टी. पावाऐवजी नाईलाजाने केलेलं काही तरी, असं मी तिला कधीच म्हणणार नाही. खान्देशात चार माणसांना पोटभर वाढायचं तर हीच भाकर.

गव्हात पाचवा हिस्सा मका घालून रवाळ दळायचं. ओवा, हळद, मीठ, तेलाचं कडकडीत मोहन, आणि पीठ घट्ट मळायचं. पोळी लाटून तेलाचा हात फिरवून गुंडाळी करायची, चाळणीत वाफवायची, गार झाली की सुरीने तुकडे करून तळायची. तळताना पदर सुटून कडा खरपूस लाल होतात, त्याच कडांसाठी आम्ही पोरं कढईभोवती घुटमळायचो. सोबत तुरीचं वरण, घोटलेली वांग्याची भाजी, वर तूप. पानं केळीची, ती या जिल्ह्यात कमी पडत नाहीत.

सणाआधीचे नऊ दिवस, ४ जूनपासून, संध्याकाळी घरात नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, असते. मेणबत्ती, पांढरी फुलं, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मग लितानी, म्हणजे एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी प्रतिसाद द्यायची विनवणी. नेमका याच दिवसांत मृग लागतो. शेतकरी आभाळाकडे बघत असतो, कापसाची पेरणी अडलेली असते, आणि आमच्या मागण्यांत आपसूक पाऊस येतो. आजी तर शेजाऱ्यांच्या शेतांची नावं घेऊन मागायची. मला ती प्रार्थना सगळ्यांत खरी वाटायची.

तेराला सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. दुपारी पहिली पानं स्टेशनबाहेर. तिथे रात्र काढणारी माणसं, हमाल, कुणी चुकलेला प्रवासी. घरातले शेवटी जेवतात, हा आजीचा नियम आईने मोडला नाही आणि मीही मोडणार नाही. आता आजी नाही, काकूही नाहीत. काकूंची सून मात्र आदल्या रात्री लाटणं घेऊन येते.

भाऊ आता पुण्यात असतो, त्याचं वजन सत्तरच्या पुढे गेलंय. गहू मात्र दरवर्षी साडेतेरा किलोच, वर पसाभर. गिरणीवाल्याला आता सांगावं लागत नाही. मी पोतं खाली ठेवलं की तो विचारतो, "अंतोनीचे ना?" आणि जातं जरा सैल करतो.