नऊ नंबरचा टेंट

केनियातल्या मारा नदीचा काठ जवळून पाहिला की गवतात खोल गेलेल्या जोडचाकोऱ्या दिसतात. दोन्ही बाजूंना पायांनी तासलेली माती आणि मधोमध गवताचा उंचवटा, अगदी बैलगाडीच्या वाटेसारखा. या पाणघोड्यांच्या वाटा. पोट एवढं रुंद की डावे-उजवे पाय एकमेकांपासून लांब पडतात, आणि रोज रात्री चरायला वर यायचं, पहाटे पाण्यात परत जायचं, तेही ठरलेल्या वाटेनंच. आमच्या लॉजमध्ये जेवणघरापासून टेंटकडे जाणारी पायवाट अशा तीन वाटा ओलांडते. हे लॉज ज्याने आखलं त्याने प्रत्येक टेंटसमोर नदी दिसेल याची काळजी घेतली. नदीतून वर येणारं जनावर कुठून जाणार, याची घेतली नाही. शिवाय काठावर हिरवळ राखली. ऑगस्टमध्ये आसपासचं गवत वाळलेलं असताना अशी कोवळी हिरवळ दिसल्यावर पाणघोडा आणखी कुठे जाईल?

मी इथे ड्यूटी मॅनेजर आहे. मूळचा मिरजेचा. लोकांना वाटतं, मसाई मारात नोकरी म्हणजे उठल्याबसल्या सिंह. माझा दिवस नैरोबीहून येणाऱ्या भाजीच्या ट्रकची वाट बघण्यात आणि जनरेटरच्या डिझेलच्या हिशेबात जातो. संध्याकाळी साडेसहानंतर राखीव क्षेत्रात गाड्या फिरवायला बंदी असते. त्यापुढे आम्ही आणि आमचे अस्कारी. अस्कारी म्हणजे रात्रीचे पहारेकरी. आमच्याकडचे सगळे इथल्या मसाई जमातीचे आहेत. हातात टॉर्च, भाला आणि टोकाला गाठ असलेला रुंगू नावाचा सोटा. अंधार पडल्यावर अस्कारीशिवाय टेंटबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला बजावून सांगतो. सगळ्यांत जुन्या अस्कारीला आम्ही म्झे म्हणतो, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं.

दुसरा कडक नियम म्हणजे टेंटमध्ये खायचं काही ठेवायचं नाही. इथली माकडं चेन उघडतात, बबून तर कापडच फाडतात. आपल्याकडचा ग्रुप आला की चिवडा, चकल्या, लाडू यांच्या बॅगा उतरतात, त्याही बहुतेक प्लास्टिकच्या पिशव्यांत. केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि जून २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरायचं कुठलंच प्लास्टिक चालत नाही. मग सगळं डब्यांत काढायचं, नावाची चिठ्ठी लावायची आणि कुलपात ठेवायचं. मागितलं की देतो, पण मागण्यासाठी जेवणघरात यावं लागतं.

त्या दिवशी श्रावणी सोमवार होता. मुंबईकडचा ग्रुप होता, पाच-सहा जणांचा उपास. उपासाच्या स्वयंपाकाचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. केनियात रताळी उत्तम मिळतात, शेंगदाणे आणि केळीही. साबुदाणा मात्र नैरोबीच्या पार्कलँड्स भागातून मागवावा लागतो. आमच्या लुओ जमातीच्या आचाऱ्याने तो भिजवायचं तंत्र एकाच हंगामात आत्मसात केलं. दोन-तीनदा धुवायचा, दाणे बुडतील न बुडतील एवढंच पाणी ठेवायचं, आणि परतताना झाकण टाकायचं ते आच मंद करूनच. वेगळी कढई, वेगळा झारा, सैंधव. आठ वाजता खिचडी, रताळ्याचा कीस आणि दाण्याची आमटी मांडलेली होती.

नऊ नंबरच्या आजी आल्या नाहीत. सत्तरीपुढच्या, दिवसभर जीपमध्ये हादरे खाल्लेले. सातला इन्सुलिन टोचून घेतलं आणि जेवायच्या आधी जरा पाठ टेकते म्हणून आडव्या झाल्या, त्यांना डोळा लागला. सून लहान मुलाला घेऊन त्यांच्यापाशी थांबली होती, कारण मुलाला खोकला होता. आजींचा मुलगा जेवणघरात आमच्यापाशी होता. यातलं इन्सुलिनचं काहीही आमच्या कागदावर नव्हतं. प्रत्येक पाहुण्याच्या फॉर्मवर आजाराचा रकाना असतो. आपली माणसं तो रिकामा ठेवतात. परदेशी पाठवणार नाहीत अशी भीती असते की उगाच चर्चा नको म्हणून, देव जाणे. पण त्या रिकाम्या रकान्याचा मला मनापासून राग येतो.

सव्वाआठच्या सुमारास रेडिओवर सुनेचा आवाज आला. आई घामाने थबथबल्यात, काहीतरी असंबद्ध बोलतायत, मशिनवर साखर ४६ वर उतरलेली दाखवतेय.

साखर जेवणघरात होती, टेंटमध्ये साखरेचा कणही नव्हता. मी ग्लुकोजचा डबा आणि मधाची बाटली उचलली आणि मी आणि आजींचा मुलगा पायऱ्यांपर्यंत धावलो. तिथे म्झेने रुंगू आडवा धरला. टॉर्चच्या उजेडात, आमच्यापासून तीसेक पावलांवर, पायवाटेच्या पलीकडच्या हिरवळीवर पाणघोड्याची मादी चरत होती आणि तिच्या कुशीला पिल्लू. गवत उपटल्याचा ओला आवाज स्पष्ट ऐकू येत होता. टेंट नऊ तिच्या पलीकडे.

मुलगा सरळ निघाला. म्झेने त्याचा दंड पकडला. तो माझ्याकडे वळून ओरडला, "अहो, सांगा ना याला! आई आहे माझी!"

म्झे हळू आवाजात बोलला ते एवढंच होतं: तिचा पाण्याकडचा रस्ता आपल्या पायवाटेवरून जातो. आपण निघालो की आपण तिच्या आणि नदीच्या मध्ये. दीड टनाचं जनावर, पिल्लू सोबत, माणसापेक्षा वेगाने धावतं, आणि पाण्याची वाट अडली की ते बाजूने जात नाही, आरपार जातं. आपण तिघंही टेंटपर्यंत पोचणार नाही आणि ग्लुकोजही पोचणार नाही.

मी रेडिओवर सुनेला विचारलं, गिळता येतंय का? म्हणाली, येतंय, पण डोळे मिटतायत. काही गोड? काहीच नाही. खोकल्याचं औषध? आजींचं शुगरफ्री. मग मी विचारलं, "ताई, मुलाचं कुठलं आहे?" क्षणभर काही आवाज नाही, मग म्हणाली, स्ट्रॉबेरीचं. मी तिला बाटलीवरची यादी वाचायला लावली. साखरेचा पाक लिहिला होता. आजींना टेकवून बसवा, चमच्याने थोडं थोडं गालाच्या आत सोडा, गिळल्याशिवाय पुढचा चमचा नको, झोपवू नका, बोलत ठेवा. प्रथमोपचाराच्या वर्गात शिकलेलं सगळं मी तिला एकेक वाक्य करून सांगत होतो, आणि शेजारी तिचा नवरा थरथरत उभा होता.

त्या वेळात म्झेने जे केलं ते मला नंतर कळलं. पायवाटेवरचे नदीकडचे कंदील त्याने दुसऱ्या अस्कारीकडून विझवून घेतले. आम्हाला स्वयंपाकघराच्या भिंतीआड मागे घेतलं. आणि ड्रायव्हरला जागा करून सांगितलं, लँड क्रूझर मागच्या रस्त्याने आण, पण टेंटच्या पुढे येऊ नकोस, जमिनीच्या बाजूलाच थांब. इंजिनचा आवाज मागून आला तशी मादीने मान वर केली, ऐकलं, आणि पिल्लाला पुढे घालून आपल्या चाकोरीने नदीत उतरली. घाई नाही, धाव नाही. वाट मोकळी होती आणि ती अंधारी होती.

आम्ही पोचेपर्यंत वीस-बावीस मिनिटं गेली होती. आजींची साखर तोवर ६३ वर आली होती. ग्लुकोज दिलं, मध दिला, मग खिचडी टेंटमध्येच आणवली. तासाभराने मी निघालो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "बाळा, त्या औषधाने उपास नाही ना मोडला?" मी म्हटलं, आजी, औषधाने मोडत नाही.

सकाळी मुलगा ऑफिसात आला. रोजची माणशी दोनशे डॉलर प्रवेश फी भरतो आम्ही, म्हणाला. ती फी लॉजला नाही, काउंटीला, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारला जाते, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मग त्याने विचारलं, "तुमची आई असती तर थांबला असतात?" मी गप्प राहिलो. म्झेने धरला नसता तर मीही धावलो असतो, हे मला माहीत आहे. आणि ते सिरप नसतं तर थांबण्याची किंमत काय झाली असती, हेही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि रात्री पाळीवर असलो की त्या डोक्यातून जात नाहीत.

मुख्य कार्यालयाने मात्र लगेच निकाल लावला. त्यांच्या फॉर्मवर विलंबाच्या कारणांत कर्मचारी कमी, रेडिओ बंद, वाहन नाही, एवढेच पर्याय. जनावरासाठी 'इतर'. त्यावरून त्यांनी दोन गोष्टी काढल्या: काठावर विजेचं कुंपण आणि म्झेला लेखी तंबी. कुंपणाचं मी समजू शकतो, पण मारात चार हजारांवर पाणघोडे आहेत. प्रत्येक जण रात्री चाळीसेक किलो गवत खातो आणि त्याची लीद नदीला नेऊन देतो, त्यावर नदीतले किडे आणि मासे जगतात. त्यांची वाट बंद करून नदीकाठचं लॉज चालवायचं म्हणजे काय चालवायचं? त्याऐवजी पायवाट मागून वळवा, हिरवळ काढा, असं मी लिहून दिलं. उत्तर नाही.

नारोक गावातल्या औषधाच्या दुकानातून मी ग्लुकोजच्या ट्यूब आणल्या. प्रत्येक टेंटच्या बाथरूममध्ये खिट्टीच्या स्टीलच्या डबीत एक, म्झेने स्वतः खिट्टी तपासून बसवलेली. चेक-इनला आता फॉर्म बाजूला ठेवून मी तोंडी विचारतो, इन्सुलिन कोण घेतं? आधी सगळे गप्प. मग कोणाची तरी बायको नवऱ्याकडे बघते.

तंबीचं पत्र माझ्या सहीसाठी आलं होतं. ते अजून माझ्या खणात आहे. सही केलेली नाही आणि करणार नाही.