पशुपालकाचं नाव

आज चौथा दिवस. भुरी कुटाराच्या खोलीतून निघून उंबऱ्यापर्यंत आली, सुकटाच्या पाण्यात कुस्करलेली भाकर तिनं चाटूनपुसून खाल्ली. तिचं होईल नीट. माझंच काही खरं दिसत नाही.

केसपेपर काढताना कंपाउंडरनं विचारलं होतं, "पशुपालकाचं नाव?" आणि मी लगेच म्हटलं, "आमची नाही ती."

खोटं नव्हतं तसं. भुरी हे काही नाव नव्हे, रंग आहे. मागच्या पोळ्याच्या सुमारास आली, राहिली. पण विचारलं काय आणि मी उत्तर काय दिलं! मागं गोऱ्हे, बैल घेऊन चार-पाच माणसं उभी होती. त्यातला एक जण म्हणाला, "आता मांजरीलेबी दवाखाना!" सगळे हसले. मीही हसले. मांडीवर टमाट्याचा क्रेट, वरून माझीच ओढणी बांधलेली, आत ती धापा टाकतेय, आणि मी हसले.

सकाळी तिच्या मानेला हात लावला तर केसांखाली काहीतरी वळवळलं. कुत्र्यानं कधी धरलं देव जाणे. जखमेत अळ्या पडल्या होत्या. शेजारच्या काकू फिनाईलची बाटली घेऊन आल्या, त्यांच्या गाईला तेच लावतात म्हणे. मी क्रोसिनची अर्धी गोळी काढून ठेवली होती. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "ने व तिले दवाखान्यात. दारात मेली तं सोन्याची मांजर काशीले द्या लागते. भाव पाह्यला काय सोन्याचा?"

दोन्ही गोष्टी नाही केल्या ते बरं झालं. डॉक्टर म्हणाले, फिनाईल मांजरीला विष आहे आणि ती अंग चाटते, म्हणजे पोटातही जातं. क्रोसिनची अर्धी गोळीसुद्धा तिचा जीव घ्यायला पुरे. बैलाच्या जखमेवर मारायचा स्प्रेही त्यांनी हातात घेऊन परत ठेवला. सलाईननं जखम धुतली, भोवतालचे केस कापले आणि चिमट्यानं एकेक अळी काढून ट्रेमध्ये टाकत गेले. मी चाळिसापर्यंत मोजल्या. ताप १०४. वजनकाटा मांजरीसाठी कुठून असणार? समोरच्या किराणा दुकानात पिशवीत घालून मोजली, २ किलो ६०० भरली. मग इंजेक्शन. बैलाची ती जाडजूड सिरिंज बाजूलाच होती, हिच्यासाठी इवलीशी काढली. जास्त लागलं तर नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजला न्या म्हणाले. आमच्या यवतमाळहून दीडशे किलोमीटर. मी मान हलवली. कोण नेणार होतं?

यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, सोयाबीनचे पैसे अजून यायचेत. त्यावर आज लिहीत नाही.

रात्री झोप लागत नाही तेव्हा वाटतं, त्या माणसांना मी काय लागत होते? उद्या बाजारात भेटले तर ओळखणारसुद्धा नाहीत. त्यांच्यासाठी मी तिला नाकारली. माझ्यासाठी कोणी रांगेत उभं राहून असं म्हणालं तर... जाऊ दे. कंपाउंडरनं तरी नाव माझंच लिहिलं. वर मालक मी, आणि जनावराच्या रकान्यात 'इतर'.

चिमटा लागला तेव्हा तिनं माझ्या अंगठ्यात दात रोवले होते. डॉक्टरांनी आधी मला नळाखाली पाठवलं, साबण लावून पंधरा मिनिटं. मांजरीपेक्षा मलाच जास्त वेळ धुतलं. मग आरोग्य केंद्रात पहिलं इंजेक्शन. आज दुसरं होतं. अजून सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

आज सिस्टर नव्या होत्या. कागद पाहून म्हणाल्या, "इथं भरलंच नाही. मांजर भटकी का घरची?"

बाकावर आमच्याच गावच्या दोघी बसल्या होत्या. मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "घरची."

"मग तिला रेबीजची लस दिली होती का?"

मी गप्प. बाकावरच्या दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

"घरची म्हणता आन् लस नाही," सिस्टर पुटपुटल्या, आणि दंड पुढं करायला सांगितला.