ट्रोलिंगची नोंद: गळ बसतो तो बोटीमुळे, मनगटामुळे नाही

ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासा गरवणं. सेटअप: दोन रॉड, ३० पौंडी वर्ग, लांबी साधारण पावणेसहा फूट. लिव्हर ड्रॅगचे रील (ड्रॅग म्हणजे सुटणाऱ्या दोरीला धरणारा ब्रेक, तो लिव्हरने कमी-जास्त होतो), त्यावर ३०० मीटर ३० पौंडी तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी). बोट फायबरची, आउटबोर्ड इंजिनची. पाणी मालवण ते वेंगुर्ले, खोली १५ ते २५ मीटर. मुख्य मासा सुरमई, जोडीला छोटा कुपा (ट्यूना). १ जून ते ३१ जुलै पावसाळी बंदी असते, तेव्हा बोट वर असते. दसरा-दिवाळीनंतर पाणी निवळलं की खरं काम सुरू. सकाळी मतलई वारा असेपर्यंत समुद्र सपाट असतो आणि ल्यूर (कृत्रिम आमिषं) नीट चालतात. दुपारी समुद्रावरून वारा लागला की तीच ल्यूर लाटेतून उड्या मारायला लागते.

ड्रॅग: पक्कं झालं

मासा लागला की रॉड धरून हिसका द्यायचा, ही किनाऱ्यावरच्या गरवण्याची सवय आहे. ट्रोलिंगमध्ये ती सोडावीच लागते. बोट ५ नॉटने (ताशी सुमारे ९ किलोमीटर) पुढे जातेय, मासा उलट दिशेला पळतोय, मध्ये ताणलेली दोरी आहे. गळ त्याच क्षणी घुसतो. त्यावर आपण आणखी ओढलं तर सुरमईच्या जबड्याच्या कडेची पातळ कातडी फाटते, भोक मोठं होतं आणि बोटीजवळ आल्यावर गळ निसटतो. म्हणून गळ किती जोराने बसणार हे निघण्याआधी, ड्रॅग लावतानाच ठरतं.

ड्रॅग बोटाने ओढून अंदाजाने लावू नये. रॉड होल्डरमध्ये बसवून, दोरी सगळ्या कड्यांतून घेऊन टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि हळूहळू मागे चालत जायचं. दोरी सुटायला लागताना काटा एकदम वर जातो, तो आकडा धरायचा नाही. दोरी एकसारखी सुटत असताना जो दिसतो तो खरा. दोन्हींत मोठा फरक असेल तर ड्रॅगच्या चकत्या चिकटताहेत असं समजून आधी रील उघडावं. थेट रीलवरून मोजलं तर आकडा कमी येतो, कारण वाकलेल्या रॉडच्या कड्यांवरचं घर्षण त्यात येत नाही.

साधा हिशेब दोरीच्या ताकदीच्या पाव भागाचा. ३० पौंड म्हणजे १३.६ किलो, त्याचा पाव ३.४. सुरमईसाठी यापेक्षा खालीच राहावं: एकेरी गळाला अडीच ते तीन किलो, तिहेरी गळाला दोन ते अडीच. कुप्याला दीड ते दोन पुरे. आकडा जुळला की लिव्हरच्या त्या जागेवर नेलपॉलिशचा ठिपका. पहाटेच्या अंधारातही तो टॉर्चमध्ये दिसतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो पुढे. सुरमई पहिल्या धावेत शंभर-दीडशे मीटर दोरी सहज नेते. स्पूल (रीलची दोरी गुंडाळलेली चकरी) रिकामं होत जातं तसा ड्रॅग आपोआप वाढतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ८ सेंटिमीटर आणि ड्रॅग ३ किलो असेल, तर दोरी उतरून व्यास ५ झाल्यावर तोच ड्रॅग ४.८ किलो होतो. पाण्यातल्या लांब दोरीचा ओढा वेगळाच. नेमक्या याच वेळी घाबरून लिव्हर पुढे ढकलली जाते आणि गळ सरळ होतो किंवा तोंड फाटतं. लांब धावेत ड्रॅग सैल करायचा असतो, घट्ट नाही. मासा बोटीच्या दहा मीटरात आला की पुन्हा थोडा सैल, कारण तेवढ्या आखूड तंगुसात ताण झेलायला लवचीकपणा उरत नाही. बिनताणाची ब्रेड (विणलेली दोरी) लावणाऱ्यांनी म्हणूनच पुढे निदान ३०-४० मीटर तंगूस जोडावा.

मासा लागल्यावर

रील किंचाळलं की कुणीही रॉडला हात लावायचा नाही आणि तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) इंजिन सोडायचं नाही. दहा-पंधरा सेकंद त्याच वेगाने पुढे जायचं. बोट लगेच थांबवली तर दोरी ढिली पडते आणि ओठात अर्धाच रुतलेला गळ डोकं झटकताना गळून पडतो. शिवाय सुरमई बरेचदा जोडीने किंवा घोळक्याने असते, तेवढ्या वेळात दुसरा रॉडही वाजू शकतो. मग वेग दीड-दोन नॉटवर आणायचा, मोकळ्या दोऱ्या गुंडाळायच्या आणि पहिली धाव थांबल्यावरच रॉड उचलायचा.

रॉडचं टोक दोनदा ठक-ठक वाकलं आणि मग काहीच नाही, तर तेव्हाही हिसका नको. सुरमई आधी शेपूट कापते आणि मग वळून तुकडा उचलते. खरं आमिष लावलेलं असेल तर स्पूल तीन-चार सेकंद मोकळं सोडून आमिष बुडू द्यावं, मग लिव्हर ठिपक्यावर. कृत्रिम ल्यूर असेल तर उलट करायचं. थांबलेली ल्यूर मेलेली दिसते, म्हणून वेग अर्धा नॉट वाढवायचा.

आमिष: बदललं

बांगडा किंवा मोठा पेडवा. पुढचा गळ ६/० मापाचा एकेरी, खालच्या जबड्यातून वर. हनुवटीखाली १५ ते ३० ग्रॅम शिसं. मागचा गळ आधी पाठीच्या मधोमध होता, आता शेपटीच्या बेचक्यापासून ३-४ सेंटिमीटरवर आहे. परत आलेला बांगडा नीट बघितला की कारण कळतं. पुढचा गळ जागच्या जागी आणि मागचा अर्धा भाग सुरीने कापावा तसा एका रेषेत गेलेला, कड गुळगुळीत, काटा आरपार तुटलेला. मासा गळाच्या मागेच चावत होता.

दोन गळांमधली तार जरा ढिली हवी. ताठ राहिली तर बांगडा कमानीसारखा वाकतो आणि गोल गोल फिरतो. फिरणाऱ्या आमिषाकडे सुरमई सहसा फिरकत नाही आणि दोरीला पीळ पडतो तो वेगळाच. तोंड शिवून बंद करणं आणि पुढचा गळ बरोबर मधल्या रेषेत घालणं, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. वेग अडीच ते चार नॉट. जिवंत आमिषाला एक ते दोन.

जिवंत आमिषाला सर्कल गळ (टोक आत वळलेला) असेल तर नियम आणखी कडक: हिसका अजिबात नाही. दोरी ताणली की शांतपणे रील फिरवत राहायचं. गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. झटका दिला की तो सरळ तोंडाबाहेर येतो.

तार

सुरमईच्या दातांपुढे तंगूस टिकत नाही. ४० ते ५० सेंटिमीटर एकपदरी तार पुरे, जास्त लांब केली की ल्यूरची हालचाल मरते. वळसा घालताना दोन्ही पदर एकमेकांवर सारखेच वळले पाहिजेत, किमान पाच वळसे. एकच पदर दुसऱ्याभोवती गुंडाळला गेला तर ताणाखाली घसरतो. मग सहा-सात घट्ट गोल वेढे. उरलेलं टोक पकडीने कापू नये, टोकाला छोटा दांडा वाकवून तो गोल फिरवत मोडावं. कापलेल्या टोकाचा काटा तळहात फाडतो. तारेला एकदा मुरड पडली की ती सरळ करू नये, फेकावी. कुप्याला तार नको, पन्नास पौंडी फ्लुरोकार्बन दोरी, पिसांची छोटी ल्यूर आणि वेग सहा-सात नॉट.

वेग: अजून शिकणं चालू

जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो. ओहोटीचा ओढा मागून असेल तर पडद्यावर ५ नॉट दिसतात आणि ल्यूर पाण्यातून चारनेच चाललेली असते. उधाणाच्या दिवसांत हा फरक जास्त जाणवतो. म्हणून नजर रॉडच्या टोकावर. मिनो (पुढे जीभ असलेली, माशाच्या आकाराची ल्यूर) नीट चालत असेल तर टोक बारीक, एकसारखं थरथरतं. थरथर थांबली की गळात शेवाळ किंवा प्लॅस्टिक अडकलंय, लगेच गुंडाळून साफ करावं.

मोठ्या वळणात आतल्या बाजूची ल्यूर मंदावते, बाहेरची वेग घेते. वळणावर कोणता रॉड वाजला ते लिहून ठेवावं. आतला वाजत असेल तर वेग उतरवा, बाहेरचा वाजत असेल तर चढवा. मिनो एका बाजूला पळत असेल तर जीभ आपल्याकडे करून धरावी आणि ती ज्या बाजूला जाते त्याच्या विरुद्ध बाजूला नाकाची कडी पकडीने केसभर वाकवावी. केसभर म्हणजे खरंच केसभर.

मालवणला निघताना एक पक्कं लक्षात ठेवावं: सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. गाभा क्षेत्रातून जाताना दोऱ्या आत.

बांबू: पुढचं काम

दोऱ्या बाजूला फाकवायला दोन्हीकडे बांबू लावायचे आहेत, दोरी साध्या रबरबँडने अडकवून. रबर तुटलं की बांबू आणि रॉडमधली दोन-तीन मीटर दोरी क्षणभर ढिली पडते. बांगड्याला हे फायद्याचं आहे, कारण मासा फिरून उचलेपर्यंत आमिष आपोआप थांबतं आणि स्पूल मोकळं सोडायची गरज उरत नाही. मिनोला मात्र तीच ढील नडते, तिहेरी गळ बसायच्या आतच मासा तो थुंकतो. त्यामुळे बांबूवर फक्त बांगडा, मिनो थेट रॉडवरून.