पाच दिवसांत पाच मॅच

मार्चमध्ये आमच्या घरी पहाटे लाइट चालू दिसली की समजायचं, अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या कॉन्फरन्स टूर्नामेंट चालू आहेत. तिकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे नाशिकला सकाळचे सहा, त्यामुळे आधी मॅच आणि मग गंगापूर रोडला रनिंग, असा क्रम असतो माझा त्या आठवड्यात.

अमेरिकेत कॉलेजच्या टीम कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांमध्ये वाटलेल्या असतात, आधी दोन-अडीच महिने आपापसात लीग आणि मग शेवटी नॉकआउट, हरलात की घरी. जो जिंकेल तो थेट एनसीएएच्या, म्हणजे देशभरच्या कॉलेज टूर्नामेंटच्या ६८ टीममध्ये, आधीचा रेकॉर्ड कसा का असेना. यावर बरेच जण म्हणतात की हा लीग जिंकणाऱ्यावर अन्याय आहे, महिनोन्‌महिने राबायचं आणि एका रात्रीत सगळं पाण्यात. पूर्वी खरंच तसं होतं, १९७४ ला मेरीलँडची टीम एसीसीची (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) फायनल ओव्हरटाइममध्ये १०३-१०० अशी हरली आणि एवढी भारी टीम घरी बसली, कारण तेव्हा कॉन्फरन्समधून एकच टीम जायची. पण १९७५ पासून ते बदललं, आता मोठ्या कॉन्फरन्सच्या चांगल्या टीम हरल्या तरी निवड समिती त्यांना घेते. छोट्या कॉन्फरन्समध्ये मात्र अजूनही बहुतेक वेळा फक्त जिंकणाराच जातो, तिथलं दुःख मला मान्य आहे.

पण एसीसीमधलीच २०२४ ची एनसी स्टेट (नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी) बघा ना! लीगमधल्या शेवटच्या चार मॅच हरलेली, १७ जिंकलेल्या-१४ हरलेल्या असा रेकॉर्ड, एसीसीमध्ये दहावं सीड, म्हणजे लीगवरून ठरलेला क्रमांक. फायनल गाठायलाच चार दिवसांत चार मॅच जिंकायच्या. सेमीफायनलला व्हर्जिनियासमोर तीन पॉइंटने मागे, पाचेक सेकंद उरलेले, व्हर्जिनियाच्या पोराने फ्री थ्रो घालवला आणि मायकेल ओ'कॉनेल बॉल घेऊन सुसाट निघाला, तीन पॉइंटच्या लाइनच्या बाहेरून फेकला तो बोर्डाला लागून रिंगवर नाचला आणि आत! मी जोरात ओरडलो, आई धावत आली काय झालं म्हणून. मग ओव्हरटाइम जिंकले आणि दुसऱ्या दिवशी लीग चॅम्पियन नॉर्थ कॅरोलिनाला (ही वेगळी युनिव्हर्सिटी) ८४-७६ ने हरवलं, तो डीजे बर्न्स, धिप्पाड डावखुरा गडी, पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ इतक्या नाजूक हाताने बॉल सोडतो की बघत राहावं. १९८७ नंतर पहिलं एसीसी टायटल. आणि हीच टीम पुढे एनसीएएच्या फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चारांत गेली, म्हणजे तुक्का नव्हता.

आपल्याकडे पोरांना झोनलला, म्हणजे कॉलेजांच्या विभागीय स्पर्धेत बहुतेक वेळा सरळ नॉकआउट मिळते, पहिल्याच सकाळी हरलं की वर्षभराची प्रॅक्टिस तिथेच संपली. नाशिक झोनच्या कॉलेजांनी आधी छोटीशी लीग ठेवावी, शनिवार-रविवार दोन-दोन मॅच, आणि त्यावरून सीडिंग करून मग नॉकआउट. कोर्ट आहेत, पोरं आहेत, रेफरीही मिळतील. कोणी क्रीडा शिक्षक वाचत असतील तर सांगा, टेबलवर स्कोअर लिहायला मी येतो.