फलाटावरचा समासविग्रह

शाळेत संस्कृतच्या बाई समास सोडवून घ्यायच्या. ती विद्या पुढे जर्मनीतल्या रेल्वे फलाटावर कामी येईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. पण तिथल्या पाटीवर 'शीनेनएर्झात्सफेअरकेअर' हा शब्द दिसला आणि विग्रह करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. शीने म्हणजे रूळ, एर्झात्स म्हणजे बदली, फेअरकेअर म्हणजे वाहतूक. चतुर्थी की षष्ठी ते बाईच जाणोत. मतितार्थ एवढाच की गाडी नाही, बाहेर बस उभी आहे. जर्मन माणसंही एवढा श्वास खर्च करत नाहीत, 'एसएफाउ' म्हणून मोकळी होतात. 2024 मध्ये फ्रांकफुर्ट ते मानहाइम हा मार्ग दुरुस्तीसाठी जुलैच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बंद होता. आपला रविवारचा मेगाब्लॉक त्यापुढे डुलकीच म्हणायची.

बाकीचे शब्द सरळ असतात. 'वायशेनश्ट्योरुंग' म्हणजे रुळांचा सांधा बिघडला, 'ओबरलायटुंग्सश्ट्योरुंग' म्हणजे ओव्हरहेड वायरने मान टाकली. 'उमगेकेअर्टे वागेनरायुंग' म्हणजे डबे उलट्या क्रमाने लागलेत. हे ऐकलं की शिस्तीत उभा असलेला फलाट एकदम दोन्ही दिशांना पळू लागतो, आणि मला क्षणभर अगदी घरी आल्यासारखं वाटतं.

इतक्या नेमक्या भाषेत एक शब्दप्रयोग मात्र मुद्दाम धूसर ठेवलेला: 'फेअरत्स्योगेरुंगेन इम बेट्रीब्सआबलाउफ'. कामकाजाच्या ओघात झालेला विलंब. म्हणजे नक्की काय झालं? विचारू नये. आपलं 'काही तांत्रिक कारणांमुळे' परदेशात सूट घालून भेटावं, तसा हा भेटतो. बरं, 6 मिनिटांच्या आत आलेली गाडी तिथल्या हिशेबात वेळेवरच, आणि रद्द झालेली गाडी त्या हिशेबात येतच नाही. न आलेल्या गाडीला उशीर कसा होणार!

एका सूचनेनंतर मात्र कुणी कुरकुरत नाही. 'नोटआर्त्स्टआइनझात्स आम ग्लाइस', रुळांवर तातडीचा डॉक्टर बोलावला आहे. बहुतेकदा त्यामागे काय असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मुंबई लोकलने वर्षानुवर्षं प्रवास केलेल्याला तर शब्दकोशाचीही गरज पडत नाही.

माझा लाडका शब्द 'त्सूगबिंडुंग आउफगेहोबेन'. स्वस्तातलं तिकीट एकाच गाडीला बांधलेलं असतं. मुक्कामी पोचायला 20 मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, की ते बंधन सुटतं. त्यातलं बिंडुंग आणि आपला बंध एकाच मुळाचे, चुलत भाऊ म्हणा. बंध सुटला, मिळेल ती गाडी पकडा! मोक्षच की. फक्त बसायला जागा मिळेल असं नाही, कारण आरक्षण त्या रखडलेल्या गाडीतच राहतं.