हात धुवायचं गाणं

ह्या बालवाडीत लागले त्या पहिल्या दिवशी मी घरची पेटी रिक्षात घालून घेऊन गेले होते, आता आठवलं तरी हसू येतं. गाण्याच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिलेल्या, त्यात गाव कोल्हापूर, म्हणजे गवई अल्लादिया खाँसाहेबांचं गाव, १८८३ पासून देवल क्लबसारखी गाण्याची संस्था असलेलं गाव, तर मला वाटलं आपण पोरांना छान सूर देऊ, रोज अर्धा तास गाण्याचा तास, वर्षाच्या शेवटी निदान सा रे ग म तरी सुरात. बावीस पोरं, सगळी तीन-चार वर्षांची. पाच मिनिटांत दोघं पेटीच्या भात्यात बोटं घालत होते, एक रडत होता, आणि एक पोरगी मला म्हणाली, "टीचर, बंद कर की." पोरं टीचर म्हणतात पण अगंतुगंच करतात, आमच्याकडं ते चालतं.

आमच्या मदतनीस मावशी दारात उभं राहून बघत होत्या. म्हणल्या, "अवो टीचर, ती पोरं हायती, हितं काय बैठक हाय व्हय?"

पेटी परत घरी आणली. आणि मग मला दिसायला लागलं की मावशी दिवसभर गातच असतात, फक्त त्याला गाणं कुणी म्हणत नाही. चपला काढताना एक हेल, डबे काढताना दुसरा. "चपलाऽ लाइनीतऽ" हे त्या असं लांबवून म्हणतात की पोरं आपोआप चपला लावतात, आणि मी तेच वाक्य साधं बोलले तर कुणी ढुंकून बघत नाही. सूर म्हणाल तर मावशींचा कुठल्याच पट्टीत बसत नाही, पण काम होतंय ना.

मी घरी येऊन पेटीवर तो हेल शोधला, साधारण प आणि ग. म्हणजे प वरून ग वर उतरायचं, बास. लांबून "आऽई" अशी हाक मारणारं पोर पण बऱ्याचदा तसंच उतरतं, ऐकून बघा. हंगेरीत झोल्तान कोदाय म्हणून संगीतकार होऊन गेले (१८८२ ते १९६७), त्यांच्या पद्धतीत लहान मुलांना सुरुवातीला सोल आणि मी हे दोन स्वर देतात, म्हणजे आपले प आणि गच. मी स्वरांच्या सरावाचे अलंकार घेऊन बसले होते आणि मावशी न शिकता बरोबर जागी होत्या.

मग मी पण तसंच सुरू केलं, गाण्याचा तास काढून टाकला आणि जी कामं रोज होतातच त्यांना एकेक गाणं लावलं, तीन-चारच, जास्त नाहीत. हात धुवायचं हे मीच जुळवलं, कविता म्हणून भिकार आहे, मला माहितीय:

पाणी आलं नळाला, साबण लाव हाताला
बोटं घास बोटाला, घाण गेली गावाला

ह्या दोन ओळी तीनदा म्हणल्या की वीसेक सेकंद होतात, आणि साबणानं हात निदान तेवढा वेळ तरी चोळायला पाहिजेत. आधी मी "अजून घास, अजून घास" म्हणून घसा फोडून घ्यायचे. आता गाणं संपेपर्यंत पोरं घासतात, कारण मधेच नळापासून निघालं तर गाणं अर्धवट राहतं आणि ते त्यांना खपत नाही.

चुका पण लई केल्या. पहिली चूक पट्टीची. मी काळी चारला गाणारी, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा माझा सा, त्या सा पासून वरचे चार-पाच स्वर मला आरामात येतात पण पोरांना ते फार खाली पडतात, मग ती गात नाहीत, नुसती बोलतात नाहीतर ओरडतात. आणि आपण म्हणतो ह्यांना सूरच नाही! त्यांचा आवाज आपल्यापेक्षा उंच असतो हो. मी सा मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनवर नेला आणि गाणं सा ते प एवढ्यातच ठेवलं, तर पंधरा दिवसांत निम्मी पोरं बऱ्यापैकी सुरात यायला लागली. मला जरा वर ताणावं लागतं, पण मी काय मैफल करत नाहीये.

दुसरी चूक लयीची, मी संथ ठेका धरायचे आणि पोरं पुढं पळायची, मला वाटायचं ह्यांना ताल कळत नाही. तर लहान मुलांची स्वतःची चालच मोठ्यांपेक्षा जलद असते, टाळ्या वाजवू द्या, आपोआप जलदच वाजवतात. आधी त्यांच्या मागून आपण जायचं, मग हळूहळू त्यांना ओढायचं.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी, ब्लूटूथ स्पीकर. दिवाळीनंतर माझा घसा बसला म्हणून मी सगळी गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवली, म्हणलं झालं काम, बटण दाबा. दोन दिवस पोरं खूश. तिसऱ्या दिवशी खेळणी आवरायच्या गाण्याला निम्मे ठोकळे खाली पडलेले आणि गाणं संपलेलं! तेव्हा डोक्यात उजेड पडला की मी स्वतः गाते तेव्हा नकळत थांबत असते. एक पोरगा आहे, सगळ्यात हळू, एकेक ठोकळा बघून रंगाप्रमाणे लावून ठेवतो, त्याचा शेवटचा ठोकळा डब्यात पडेपर्यंत मी शेवटची ओळ लांबवत असते, "झाऽऽऽ" करत, आणि ठोकळा पडला की "लंऽ" म्हणून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. सगळा वर्ग त्याच्याकडं बघत समेची वाट बघतो, आधी सगळे त्याच्यावर चिडायचे, आता त्याचा ठोकळा म्हणजे समेवर नेणारी तिहाई झालाय. स्पीकर कुणासाठी थांबत नाही. तेव्हापासून तो कपाटात आहे, आणि घसा बसला तर मावशी म्हणतात, बेसूर तर बेसूर.

(गॅदरिंगचं बोलायलाच नको. मी आधी एका दुसऱ्या ठिकाणी होते, तिथं तीन वर्षांच्या पोरांना भल्यामोठ्या स्पीकरसमोर सिनेमाच्या गाण्यावर नाचवायचे, पोरं कानावर हात ठेवून रडताहेत आणि पालक व्हिडिओ काढताहेत. असो.)

कानावरून आठवलं, आमच्यात पण एक पोरगी आहे जिला झांजा अजिबात सहन होत नाहीत, वाजल्या की टेबलाखाली जाते. मग झांजा बंद, त्याऐवजी छोट्या बाटलीत चिंचोके भरले. बाटल्यांची झाकणं मात्र फेविक्विकनं पक्की चिकटवा, पोरं चिंचोके तोंडात आणि नाकात घालतात, मी अनुभवातून बोलतेय. आता तीच पोरगी बाटली घेऊन सगळ्यात पुढं असते.

आणि आपल्या भागात पोरांना जे घरातूनच येतं ते का सोडायचं? चैत्रात ज्योतिबाची यात्रा, सासनकाठ्या, हलगी, हे कितीतरी पोरांनी बापाच्या खांद्यावर बसून बघितलेलं असतं. एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. मी एकदा डबे उघडताना म्हणलं, "कुणाच्या डब्यात काऽय?" तर एकानं "चपातीच्या नावानंऽ" अशी आरोळी ठोकली आणि एकवीस जणांनी "चांगभलंऽऽ". मावशींच्या हातातला तांब्या पडला. आता ते रोजचंच झालंय, ज्याचा डबा त्याच्या नावानं, चटणीभाताच्या नावानं, उपम्याच्या नावानं. ज्या पोरांना उपमा आवडत नाही ती पण खातात, कारण चांगभलं झालंय म्हणल्यावर आता मागं कसं येणार.

जुलैतली एक गंमत. आमच्या वर्गावर पत्रा आहे आणि कोल्हापूरचा जुलैतला पाऊस तुम्हाला माहितीय, पत्र्यावर पडायला लागला की शेजारचा काय बोलतोय ते पण ऐकू येत नाही. मी गायचं सोडून नुसते ओठ हलवले आणि हात चोळायची खूण केली, तर सगळी रांग नळाकडं, आणि सगळ्यांचे ओठ हलताहेत, आवाज शून्य. बरोबर तिसऱ्या वेळेला सगळ्यांनी नळ बंद केले. मला तर काटा आला अंगावर, ताल आता त्यांच्या आत बसला होता.

पालकांना सुरुवातीला हे काही पटत नव्हतं, "ए बी सी डी कधी घेणार" हाच प्रश्न. मी वाद घालत नाही, फक्त व्हॉट्सॲपवर गाणी लिहून पाठवते. तर परवा एका पोराच्या बाबांचा व्हॉइस मेसेज आला. त्यांचं गुजरीत सोन्याचं काम, दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा अबोल माणूस, फी भरायला येतो तेव्हा पण मान हलवून जातो. पोरगं म्हणे घरी गाणं म्हणल्याशिवाय हातच धूत नाही आणि आई माहेरी गेलेली. म्हणून त्यांनी स्वतः गाऊन पाठवलं होतं आणि शेवटी हळूच विचारलं होतं, "टीचर, चाल अशीच आहे ना?" चाल अजिबात अशी नव्हती. शिवाय शेवटची ओळ विसरून त्यांनी मनानंच जोडलेली, "घाण गेली कागलाला".

मी "एकदम बरोबर" म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी त्या पोरानं नळावर बाबांचं गाणं लावलं आणि दुपारपर्यंत अख्खा वर्ग घाण कागलला पाठवत होता. पोरांना ते इतकं आवडलंय की माझी ओळ आता कुणी ऐकूनच घेत नाही, मी "गावाला" म्हणलं की "टीचर, चुकलं!" म्हणून ओरडतात. फक्त मावशी रुसल्यात. त्यांचं माहेर कागल.